उणे ऐंशी

हैदराबादेत बंद पडलेल्या एका औषध कंपनीच्या
मागच्या शेडमधून उचललं हे धूड.
मॉडेल दोन हजार अकराचं, बोली नव्वद हजार.
"चालू आहे मॅडम," विकणारा म्हणाला,
म्हणजे आकडे लागतात एवढंच.
मी प्लग लावायला लावला
आणि समोर खुर्ची टाकून बसले दिवसभर.
उणे चाळीसपर्यंत झरझर उतरलं,
मग एकेका अंशाला ठेचकाळत
उणे एकाहत्तरला येऊन अडलं.
रबर फाटलं होतं दाराचं.
त्या फटीचे दहा हजार कापले मी.

आडवं करायचं नव्हतं, उभंच आणलं,
दोरखंडांनी आवळून, टेम्पोत, नवरदेवासारखं.
जहिराबादेत नाक्यावरच्यानं विचारलं, मयत ठेवायचं का?
तुळशीराम ड्रायव्हर बोलला, "न्हाई, जितराबं."
ते त्याला जास्तच संशयास्पद वाटलं.

उदगीरला आल्यावर दोन दिवस नुसतं उभं.
"तेल खाली बसू द्या," खय्यूमभाई म्हणाला.
जन्मभर कुल्फीवाल्यांच्या पेट्या दुरुस्त केलेला माणूस,
मागचा पत्रा काढून बराच वेळ बघत राहिला.
"ह्याला दोन काळजं हायेत.
एक दुसऱ्याला गार ठेवतं, दुसरं आतल्या मालाला.
पहिलं थकलं की दुसरं मरतं."
"घरातल्यासारखंच," मी म्हणाले.
तो हसला नाही, पाना मागितला.

आतला जुना बर्फ वितळून फरशीवर आला,
त्याच्यासोबत एक चिठ्ठी, तेलुगूत काहीतरी,
शेवटी उद्गारचिन्ह.
वाचून दाखवणारं कुणी भेटेपर्यंत
शाई निघून गेली होती.

बाहेर स्टिकर उणे ऐंशीचं आहे.
मी उणे सत्तरवर ठेवते.
रक्ताला फरक पडत नाही, बिलाला पडतो.
शेजारी डाळ मिल; तिचा भुसा
जाळीत जाऊन बसतो,
म्हणून दर शनिवारी जाळी धुते, तारीख लिहिते,
एवढं नियमित मी स्वतःचं काहीच केलेलं नाही.

आत तीनशे बारा देवणी गायी-बैल.
म्हणजे दोन-दोन मिली.
देवणी, जळकोट, वलांडी, मोटारसायकलवर हिंडून
मानेच्या शिरेतून काढलेले,
बारीक नळ्यांत, नळ्या डब्यांत, डबे रॅकमध्ये.
गोठ्याला वास नाही, शेण नाही, घंटा नाही.

मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर उडाला.
दुपारी सव्वाला आकडा उणे सत्तर, चारला उणे एकसष्ट.
कोरडा बर्फ हैदराबादशिवाय मिळत नाही.
दारावर चादरी पांघरल्या, दोन गोधड्या,
आणि कागद चिकटवला: उघडू नये.
तेवढ्यात नरसिंग बेंबडे आले, वलांडीचे.
"माझी शेवरी ह्यातच हाय न्हवं?"
रजिस्टर काढलं. रॅक तीन, डबा सहा, खाना बारा.
"दाव की मग."
म्हटलं, आत्ता दार उघडलं तर सगळ्याच जातील.
ते पायरीवर बसले. टोपी काढून वारा घेतला.
शेवरी हाळीच्या बाजारात विकली होती, औंदाच.
कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही,
किती दूध द्यायची ते दोनदा सांगितलं.

उणे पन्नास.
उणे एकोणपन्नास पाहिलं तेव्हा रात्रीचे आठ.
मी मनात यादी करत होते
कुठल्या गावात परत जावं लागेल,
कुठल्या गोठ्यात आता फक्त ट्रॅक्टर असेल.

पावणेनऊला लाईट आली.
आधी एक काळीज घरघरलं, मग काही मिनिटांनी दुसरं.
भांडी हादरली मांडणीवरची.
नरसिंगराव उठले, गोधडी जरा बाजूला सारली
आणि पत्र्याच्या कुशीवर तळहात ठेवला,
जिथून आतली सगळी उष्णता बाहेर पडते.
"गार म्हणलाव तुम्ही," ते म्हणाले,
"अंग तर गरम हाय की."

मग शेवटची एसटी किती वाजता ते विचारलं.
ती गेलेली होती.